तासगावचा बेदाणा, मिरजेचा नाताळ

डिसेंबर लागला की दादाचे फोटो सुरू होतात. थर्मामीटरचे. बागेत मधल्या ओळीतल्या एका खांबाला त्यानं तो बांधलाय. पहाटे बॅटरीच्या उजेडात त्याचा फोटो काढायचा आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा, हा त्याचा नेम. खाली एखादाच शब्द. ‘बरं हाय’, ‘गारठा वाढला’, नाहीतर नुसतं ‘ढग’. ‘ढग’ असं आलं की त्या दिवशी मी त्याला फोन करत नाही.

मी मिरजेत राहते. माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षवाल्यांचं. त्यामुळं मिरजेत थंडी पडली की आल्याचा चहा, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत हे सगळं सुचतंच, पण मन आधी बागेत जाऊन येतं. आमच्याकडं फळछाटणी साधारण ऑक्टोबरात होते. तिथून द्राक्ष हाताशी यायला चार महिने तरी जातात, म्हणजे डिसेंबर बरोबर मधोमध येतो. फुलोरा संपलेला, जादा मणी काढून घडाची विरळणी झालेली, घडाचे मणी फुगायला लागलेले. त्या दिवसांत वर्षाचा सगळा पैसा तारेवर लटकत असतो असं आई म्हणायची, आणि ते अक्षरशः खरं आहे.

थंडी हवी असते, पण मापात. उत्तरेकडून कोरडं वारं सुरू झालं, आभाळ स्वच्छ राहिलं की दिवसभराची ऊब रात्री वर निघून जाते आणि पहाटे पारा दहा-अकरापर्यंत उतरतो. अशा कोरड्या थंडीत रोग दबून राहतात, औषधाच्या फवारण्या कमी लागतात, पोरंबाळं सर्दीनं सुरसुरली तरी बाग खूश असते. पारा त्याच्याही खाली गेला की मणी फुगायचे थांबतात. मग दादा पहाटे ठिबक सुरू करतो, कारण बोअरचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं आणि मुळांशी जरा ऊब राहते. बांधावर ओला-सुका पाला पेटवून धूर करतात. आम्ही लहान असताना ही शेकोटी म्हणजे आमची चैन होती. राखेत रताळी पुरून ठेवायची आणि बोटं भाजून घेत खायची. ती आपल्यासाठी पेटवलेली नाही, बागेसाठी पेटवलीय, हे कळायला बरीच वर्षं गेली.

खरी भीती थंडीची नसते, ती थंडी मोडण्याची असते. बंगालच्या उपसागरात नाहीतर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की इकडं वारं फिरतं, ढग येतात, पहाटेचा पारा एकदम अठरा-वीसवर जातो. शहरात लोक म्हणतात, बरं झालं, थंडी कमी झाली. बागेत त्याच दिवशी भुरी हा बुरशीचा रोग येतो. त्यात दव पडलं किंवा पाऊस झाला की डाऊनी, हाही तसलाच रोग. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत आमच्या भागात जो अवकाळी पाऊस झाला, तो कुणी विसरलेलं नाही. फुलोऱ्यातले घड कुजले, पुढं असलेल्या बागांचे मणी तडकले. त्या दिवशी दादानं थर्मामीटरचा फोटो टाकला नव्हता. काहीच टाकलं नव्हतं. संध्याकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “जेवलं न्हाईत अजून. तुम्ही बोला जरा.”

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. मला बेदाण्याबद्दल लिहायचंय. आणि नाताळबद्दल.

आमच्या घराशेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. मिशनच्या दवाखान्यात आयुष्य गेलं. सगळी गल्ली त्यांना सिस्टरमावशी म्हणते. मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं. सांगली आणि मिरजेच्या मधे वानलेसवाडी आहे ती त्यांच्याच नावाची. कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणसं उपचाराला मिरजेत येतात त्याची सुरुवात तिथून झाली. परिचारिकेचं शिक्षण घ्यायला म्हणून कुठून कुठून मुली इथं आल्या, काही इथल्याच झाल्या. मावशी त्यांतल्या. मूळच्या त्या नगरकडच्या.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मावशींच्या स्वयंपाकघरात बरणी निघते. मोठी, काचेची, तिचं झाकण बदललेलं आहे पण बरणी तीच. त्या बरणीत जो बेदाणा भिजतो तो आमच्या घरचा असतो. मी लग्न होऊन इथं आले त्या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर बेदाण्याची एक पुडी दिली होती. मावशींनी दोन दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि विचारलं, “हा कुठला गं?” तेव्हापासून दर वर्षी दिवाळीला माहेराहून येताना मी त्यांची पिशवी वेगळी बांधून आणते.

लोकांचा एक गैरसमज असतो म्हणून सांगते. डिसेंबरात आपण जो बेदाणा खातो तो या हंगामाचा नसतो. या हंगामाची द्राक्षं अजून हिरव्या वाटाण्याएवढी असतात. बेदाणा होतो फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. साखर चांगली भरलेली द्राक्षं तोडायची, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढायची. त्यानं मण्यावरचा मेणासारखा थर मोडतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग सावलीत जाळीच्या रॅकवर पसरायची. मिरज-पंढरपूर रस्त्यानं नागज फाट्याकडं गेलात तर दोन्ही बाजूंना हिरव्या जाळीची शेडं दिसतात, ती हीच. तिथंच का, तर तो पट्टा कमी पावसाचा आणि वाऱ्याचा. हवा कोरडी. पंधरा-वीस दिवसांत माल सुकतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम एक किलो बेदाणा होतो. मग प्रतवारी, पेटी, आणि पेटी जाते कोल्ड स्टोअरेजला. दिवाळीच्या सुमारास हिशेब पुरे करायला सांगली-तासगावचे बेदाणा सौदे, म्हणजे लिलाव, काही आठवडे बंद असतात. ते पुन्हा सुरू झाले की थंडीतला माल बाजारात येतो. म्हणजे नाताळच्या केकमध्ये जो दाणा असतो तो मागच्या डिसेंबरची थंडी सोसून आलेला असतो.

आमच्या भागानं यात किती काय केलंय, ते आमच्याच लोकांना माहीत नसतं. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावात निवडली गेली. शेतकऱ्यानं आपल्या बागेतल्या थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीतून वेगळा वेल हेरला आणि वाढवला. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीच्याही आधी. आणि आपण मिरजेत, सांगलीत, बेकरीतून नाताळचा केक आणतो त्यात काय असतं? टूटीफ्रूटी. कच्च्या पपईचे पाकवलेले, रंगवलेले तुकडे. मुलांना आवडतात, मला मान्य आहे. पण तासाभराच्या अंतरावर कोल्ड स्टोअरेजमध्ये बेदाण्याच्या पेट्या दराची वाट बघत बसलेल्या असताना आपल्या केकमध्ये पपई असावी, हे मला पटत नाही. ज्या वर्षी भाव पडतो त्या वर्षी तर फारच लागतं.

सिस्टरमावशींचा केक म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. आधी बेदाणा निवडायचा. मोठं ताट घेऊन आम्ही दोघी उन्हात बसतो. प्रत्येक दाण्याच्या टोकाची बारीक काडी खुडायची. कितीही चांगला माल असला तरी काड्या राहतातच, आणि केकमध्ये काडी दाताखाली आली तर मावशींना ती स्वतःची बेअब्रू वाटते. मग कोमट पाण्यातून धुऊन, फडक्यावर पसरून, कोरडा करून बरणीत. थोडा काळा बेदाणा, सुकी जर्दाळू, काजूचे तुकडे, संत्र्याची साल किसून. वरून संत्र्याचा ताजा रस, लवंग-दालचिनी-जायफळाची पूड. मावशी दारू घालत नाहीत. रसात भिजलेलं फार दिवस बाहेर टिकत नाही म्हणून बरणी फ्रीजमध्ये, आणि एक दिवसाआड काढून हलवायची.

केक करायच्या दिवशी थंडी आडवी येते. लोणी मऊच होत नाही. गॅसवर पातळ केलेलं चालत नाही, फेटून हलकं झालं पाहिजे. म्हणून मावशी लोण्याचं पातेलं आणि अंड्यांची टोपली सकाळच्या उन्हात कट्ट्यावर आणून ठेवतात आणि मांजर येऊ नये म्हणून शेजारी खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसतात. अंडी गार राहिली तर लोण्यात घातल्यावर मिश्रण फाटतं. हे मला कुठल्याही व्हिडिओत कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांत बघण्यासारखं म्हणजे साखर जाळणं. केकला तो काळपट रंग आणि किंचित कडू चव त्यानंच येते. जाड बुडाच्या पातेल्यात नुसती साखर, पाणी नाही. कडेनं वितळायला लागते, मग सोनेरी होते. इथं माझा हात गॅसच्या बटणाकडं जातो आणि मावशी म्हणतात, “थांब. अजून नाही.” चहासारखी होते. “थांब.” मग गडद होते, मधून फेस येतो, धूर निघतो, डोळे चुरचुरायला लागतात. तेव्हा त्या मला मागं सारतात, हात लांब करून उकळतं पाणी ओततात आणि पातेलं फणा काढल्यासारखं फुत्कारतं. वाफ बसली की खाली काळंभोर, चकचकीत पाणी उरलेलं असतं. एक थेंब बशीत घेऊन चाटतात. कडू पाहिजे, पण जिभेवर राहायला नको. एवढ्या वर्षांत त्यांनी घड्याळ लावलेलं मी पाहिलेलं नाही.

भिजलेला मेवा निथळून कोरड्या मैद्यात घोळवायचा, नाहीतर सगळा बेदाणा तळाला जाऊन बसतो. आता मावशींकडं ओव्हन आहे. पूर्वी नव्हता, तेव्हा मिश्रण डब्यात भरून बेकरीच्या भट्टीत पाठवायचे. पाव काढून झाले की भट्टीची धग उतरायची आणि मग लोकांचे केक आत जायचे. ओळखायला प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी. चिठ्ठ्या जळून जायच्या, अदलाबदल व्हायची. मावशी सांगतात, “एका वर्षी आमच्याकडं कुणाचा तरी फार सुंदर केक आला. आम्ही काही बोललो नाही.”

केक एकटा नसतो. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू असा सगळा फराळ होतो. दिवाळीनंतर महिना-दोन महिन्यांत गल्लीत पुन्हा तळणीचा वास सुटतो. मावशींच्या करंजीच्या सारणातही बेदाणा असतो. २४ तारखेला दुपारी ताट येतं, वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामं परत करायचं नाही हे दोन्हीकडं सारखंच, म्हणून मी त्यात तिळगूळ नाहीतर गाजराचा हलवा घालून देते.

त्याआधी आमच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार होऊन गेलेले असतात, किंवा काही राहिलेले असतात, तिथीवर आहे. तांब्याचा कलश, त्यात पाच प्रकारच्या डहाळ्या, वर नारळ, समोर पाच फळं, महालक्ष्मीची पोथी. शेवटच्या गुरुवारी उद्यापन, सवाष्णींना हळदीकुंकू आणि फळ. त्या दिवशीच्या शिऱ्यात आई बेदाणा अगदी हात सैल सोडून घालायची. आपल्या बागेचा म्हणून. मावशी हळदीकुंकवाला येत नाहीत, पण संध्याकाळी शिरा खायला येतात.

आणि दत्तजयंती. औदुंबरला आम्ही लहानपणी टेंपोतून जायचो, शाल पांघरून, मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दिवशी. कृष्णेचा घाट, पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरीचं देऊळ, संध्याकाळी जन्मकाळ झाला की हातावर सुंठवडा. थंडीत सुंठवडा घशातून खाली जाताना जी ऊब लागते ती दुसऱ्या कुठल्या प्रसादानं लागत नाही. परतताना रस्त्यावर उसाच्या गाड्या. बीडकडून आलेली तोडणीवाली माणसं, वाड्यानं, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी भरलेली टायरगाडी, वर गोधडीत गुंडाळलेलं मूल. त्यांच्या राहायच्या कोप्या उघड्या रानात असतात. आजही डिसेंबरात रात्री त्या रस्त्यानं आले की गाडीच्या काचा वर करताना मला ओशाळल्यासारखं होतं.

नाताळच्या आधीच्या रात्रींना गल्लीत कॅरलवाले येतात. चर्चमधली तरुण मुलं, पेटी, ढोलकी, एखादी गिटार, कानटोप्या. घरोघर थांबून गातात. इंग्रजी गाणी थोडी, मराठी जास्त, आणि मराठीतली बरीचशी भजनाच्या अंगानं जाणारी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी लिहिलेली भजनं त्यात असतात. टिळक आयुष्याच्या अखेरच्या काळात साताऱ्यात होते, १९१९ साली गेले. शंभर वर्षं होऊन गेली, तरी ढोलकीवर ती भजनं सुरू झाली की आमचे शेजारचे वारकरी आजोबा गेटपाशी येऊन टाळी धरतात. त्यांना शब्द पाठ नाहीत. ठेका पाठ आहे. मावशी सगळ्यांना कोको देतात आणि केकचा पहिला तुकडा कापतात. मिशनच्या दवाखान्यात असताना त्यांची २४ तारखेची रात्रपाळी बऱ्याचदा असायची. वॉर्डातून हळू आवाजात गाणं म्हणत फिरायचं, कुठला पेशंट उठवायचा नाही, आणि जागा असेल त्याला केक द्यायचा. साखरेच्या पेशंटला नाही. हे त्या अजून ठासून सांगतात.

मी दर वर्षी केकचा एक डबा माहेरी पाठवते. आई अंडं खात नाही, म्हणून मावशी तिच्यासाठी दही घालून वेगळा करतात. पहिल्यांदा गेला तेव्हा आईनं सुरीनं कापून आधी आतला बेदाणा बघितला. “आपलाच हाय,” म्हणाली, मग खाल्ला. दादानं दोन तुकडे खाऊन विचारलं, “ह्याला केवढा बेदाणा लागतो गं?” मी सांगितलं. त्याचा हिशेब लगेच सुरू झाला. मिरजेत घरं किती, प्रत्येक घरात अर्धा किलो धरला तर पेट्या किती. तो स्वप्नं बघत नव्हता, त्याला खरोखर गिऱ्हाईक पाहिजे होतं.

तुम्ही सांगली-मिरजेत असाल तर यंदा बेदाणा विचारून घ्या. कुठला आहे, कुठल्या हंगामाचा आहे. मुठीत दाबून बघा. सुटा राहिला पाहिजे, गोळा व्हायला नको. फार चकाकणारा पिवळाजर्द असेल तर गंधकाची धुरी जास्त असते, दिसायला देखणा पण केकला उगाच. थोडा हिरवट-तपकिरी, सुरकुत्या भरगच्च, देठाशी काडी राहिलेली असा घरगुती माल चवीला जास्त चांगला. दिसायला कमी असलेला दाणा दरातही कमी असतो. काड्या आपण खुडायच्या.

यंदा थंडी आत्तापर्यंत बरी आहे. आज पहाटे बारा होता, खाली ‘बरं हाय’. दादाचे दोन प्लॉट आहेत. एक बेदाण्याचा, दुसरा खायच्या मालाचा. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोडी धरायच्या वेळी रात्री कडाका आणि दिवसा ऊन असं झालं तर मणी गुलाबी पडतात आणि बाहेर पाठवायचा माल मागं येतो, म्हणून त्या दुसऱ्या प्लॉटमधल्या घडांना कागद लावतात. घड न् घड, हातानं. नाताळ झाला की दादा ते काम धरणार आहे आणि माणसं मिळत नाहीयेत. मी म्हटलं मी येते. मावशी ऐकत होत्या. म्हणाल्या, इतकी वर्षं ज्या बागेचा बेदाणा खाते ती बाग मला बघायचीय, मीही येते. वहिनीनं लगेच विचारून घेतलं, बाजरीची भाकरी चालती का, आणि आईनं कळवलं की दह्याचा केक या खेपेला मोठा आणा, गडी माणसं असणार.

मी दादाला सांगितलं की मावशींना कागद कसा लावायचा ते आधी दाखव. फोन स्पीकरवर होता. मावशी मधेच म्हणाल्या, “त्याला म्हणावं, मला घड दे आणि कागद दे. चाळीस वर्षं बँडेज बांधलीत मी.”